वाचन भरपूर, पण कथा दुसऱ्या पानावर अडते: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरहून जळगावला नोकरीसाठी रोज रेल्वेने ये-जा. वाचनाची आवड लहानपणापासून, महिन्याला चार-पाच पुस्तकं सहज होतात. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा घेतलेला गठ्ठाही संपत आलाय. पण स्वतः कथा लिहायला बसलं की दीड-दोन पानांत सगळं थांबतं. अशा अर्धवट कथांनी दोन वह्या भरल्या आहेत. मग आणखी किती वाचावं, काय वाचावं, पात्रांना अहिराणी बोलू द्यावं का, आणि एखादा ऑनलाइन कोर्स लावावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आणखी वाचू नका. सहा महिने वाचनाचा आकडा निम्म्यावर आणा आणि त्या वेळात आधी वाचलेलंच पुन्हा वाचा.

कथा पहिल्यांदा वाचताना आपण पुढे काय होतंय या ओढीत असतो. लेखकाने काय केलंय ते तेव्हा दिसत नाही, आणि दिसू नये याचसाठी त्याने मेहनत घेतलेली असते. त्यामुळे महिन्याला पाच पुस्तकं वाचणारा माणूस वर्षाला साठ वेळा मंत्रमुग्ध होतो. त्याची जाण वाढते, आवडनिवड पक्की होते, आणि नेमकी ती आवडनिवड स्वतःच्या दुसऱ्या पानावर त्याला सांगते की हे बरं जमत नाहीये. जाण पुढे गेली आणि हात मागे राहिला, एवढाच तुमचा आजार. हाताला वळण लागतं ते दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात.

आठवड्याला एकच कथा घ्या. कादंबरी नको, कारण कादंबरीचा सांगाडा एका बैठकीत डोक्यात मावत नाही. छापील दहा ते चौदा पानांची कथा म्हणजे साधारण अडीच ते चार हजार शब्द, ती गाडीत जळगाव येईपर्यंत होते. पहिलं वाचन सरळ करा, पेन्सिल न घेता. मग दोन दिवस ती बंद ठेवा. या दोन दिवसांना महत्त्व आहे, कारण तेवढ्यात वाक्यं विसरली जातात आणि जे टिकतं ते कथेतलं खरं वजनदार असतं. तिसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता वहीत दहा ओळींत कथा लिहून काढा: काय घडलं, कोणत्या क्रमाने. मगच पुस्तक उघडा आणि ताडून बघा. जवळपास दर वेळी असं आढळेल की तुमच्या वहीतला क्रम आणि छापलेला क्रम वेगळा आहे. तुम्ही घटना घडल्या त्या क्रमाने लिहिल्यात, लेखकाने सांगायच्या क्रमाने मांडल्यात. कथेची रचना म्हणतात ती या फरकात असते. त्याने अमुक गोष्ट आठव्या पानापर्यंत का दाबून ठेवली, हा प्रश्न वहीत लिहा आणि उत्तरही तिथेच शोधा.

दुसऱ्या वाचनात समासात खुणा करायच्या. वाचनालयाचं पुस्तक असेल तर अर्थातच चिठ्ठ्या घालून किंवा वहीत पान-ओळ टिपून. खुणा तीनच पुरेत. जिथे लेखक प्रसंग डोळ्यांसमोर घडवतो, म्हणजे माणसं एका जागी आहेत, बोलतायत, घड्याळ चालू आहे, तिथे ‘प्र’. जिथे तो सारांशाने सांगतो (‘त्या पावसाळ्यात तिची तब्येत खालावत गेली’), तिथे ‘सा’. आणि जिथे तो काहीतरी गाळून उडी मारतो, तिथे आडवी रेघ. चार कथांवर हे केलंत की बहुतेक कथांमध्ये चार-सहाच प्रसंग असतात, बाकी सारांश आणि उड्या, हे ध्यानात येईल. नवशिक्याच्या कथेत नेमकं उलटं असतं: अख्खं पान सारांश, मग एक घाईघाईचा संवाद, मग पुन्हा सारांश. आणि उडी तर नसतेच. पात्र घरातून निघालं की चप्पल घालतं, कुलूप लावतं, रिक्षा पकडतं, स्टेशनवर उतरतं. त्या कुलपाचं पुढे काही होणार नसेल तर त्याला थेट गाडीत बसवावं.

तिसरं काम थोडं कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. त्याच कथेतलं एक पान हाताने उतरवून काढा. टाइप करून नव्हे. हाताने लिहिताना वेग इतका कमी होतो की प्रत्येक पूर्णविरामाशी थांबावं लागतं. वाक्य किती लांब आहे, परिच्छेद कुठे तोडलाय, विशेषण किती थोडी आहेत, संवादानंतर ‘म्हणाला’ किती वेळा आणि किती वेळा नाही, हे बोटांना कळतं. आठवड्याला एक पान पुरे. त्याहून जास्त उतरवायला लागलात की हात आपोआप चालतो आणि लक्ष उडतं. ही पानं वहीतच राहू द्यावीत. आवडत्या लेखकाच्या वाक्यांची ढब तुमच्या कथेत शिरलीय असं वाटलं तर त्या लेखकाला दोन महिने सुट्टी द्या.

आता काय वाचावं. कथेसाठी दिवाळी अंकांइतकी स्वस्त आणि विविध शाळा मराठीत दुसरी नाही. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही प्रथा आहे, आणि मराठी कथा मोठ्या प्रमाणात या अंकांतूनच वाढली. एकाच अंकात पाच-सहा कथा, पाच-सहा हातांच्या. त्यातल्या दोन चांगल्या, दोन बऱ्या, एखादी फसलेली. फसलेली कथा मुद्दाम वाचा. चांगली कथा आपली शिवण लपवते, फसलेली उघडी पडते. तिच्यात कुठे कंटाळा आला ते पान शोधा आणि त्याच्या आधीच्या पानावर बघा, कारण चूक बहुधा कंटाळा आला त्याच्या एक पान आधी झालेली असते.

जुने अंक मिळवायचे तर वाचनालय गाठा. अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय आहे, जळगावला उतरताच वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय, आणि धुळ्याकडे कुणी जाणारं-येणारं असेल तर तिथलं गरुड वाचनालय. ग्रंथपालांकडे ‘कथासंग्रह द्या’ असं मोघम मागू नका, ‘मागच्या पाच-दहा वर्षांचे दिवाळी अंक कपाटात आहेत का’ असं विचारा. बरीच वाचनालयं नोव्हेंबर-डिसेंबरात थोडं जादा शुल्क घेऊन नव्या अंकांची योजना चालवतात, पण हंगाम सरला की तेच अंक मागच्या कपाटात जातात आणि त्यांना कुणी हात लावत नाही. गावातल्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान दर्जाच्या वाचनालयातही हा खजिना सापडतो, नवी पुस्तकं भले नसोत.

मोबाइलवर येणाऱ्या क्रमशः कथांबद्दल थोडं सावध राहा. वाचायला हरकत काहीच नाही. पण तिथे दर भागाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवायचं असतं, त्यामुळे प्रत्येक हजार शब्दांनी दार वाजतं, फोन येतो नाहीतर कुणीतरी बेशुद्ध पडतं. त्या चालीची सवय लागली की शांत शेवट लिहिता येत नाही. तुमच्या अर्धवट कथांपैकी किती कथा ‘आणि इतक्यात’ या शब्दांवर थांबल्या आहेत ते एकदा मोजून बघा.

कथा-कादंबऱ्यांच्या बाहेरचं वाचनही लागतं. जिल्हा पानावरच्या बातम्या, बाजार समितीचे भाव, कोर्टाच्या निकालांच्या बातम्या यांत माणसं अडचणीत सापडलेली असतात आणि भाषा कोरडी असते, म्हणून कथेला लागणारा कच्चा माल तिथे स्वच्छ मिळतो. कानबाईच्या सणाची, आखाजीची (अक्षय तृतीयेची) गाणी घरात कुणाला येत असतील तर ऐकून उतरवून घ्या. बहिणाबाईंची गाणी पुन्हा वाचा, पण ‘खानदेशी गोडवा’ शोधायला नको. ज्या बाईला लिहिता येत नव्हतं तिने प्रत्येक प्रतिमा स्वतः केलेल्या कामातून कशी उचललीय, जातं, विहीर, पेरणी, ते बघा. एकही प्रतिमा ऐकीव नाही. तुमच्या वह्यांतल्या कथांत समुद्र किती वेळा येतो, आणि तापी-बोरी किती वेळा?

आता लिहिण्याकडे. दुसऱ्या पानावर कथा का अडते याचं कारण दहापैकी आठ वेळा एकच असतं: पहिली दोन पानं ओळख करून देण्यात गेलेली असतात. कोण, कुठलं गाव, वडील काय करत, लग्न कसं झालं. ओळख संपली की सांगायला काही उरत नाही, कारण कुणालाच आज काही हवं नसतं. म्हणून कथा सुरू करण्याआधी एक वाक्य लिहा: कोणाला, आजच्या आज, काय हवंय, आणि ते मिळू नये म्हणून कोण किंवा काय आडवं आलंय. ‘सुनीताच्या मनातली घुसमट’ हे असं वाक्य नाही. ‘बाप कापूस पडत्या भावात देऊन टाकतोय आणि सुनीताला निदान माप तरी खरं व्हायला हवंय’ हे आहे. ‘आजच्या आज’ हा भाग सोडू नका. कथेचा काळ एका दिवसात, जमलं तर एका दुपारीत बसवा. काळ आवळला की मागची वीस वर्षं सांगायला जागाच उरत नाही, आणि लागतील तेवढ्या आठवणी संवादात आपसूक शिरतात.

दुसरं कारण म्हणजे लिहिता लिहिता दुरुस्त करणं. पहिलं पान चौदा वेळा सुधारलं तर दुसऱ्यापर्यंत दम संपतो. पहिला खर्डा मागे न बघता शेवटापर्यंत न्या. रोज तीनशे शब्द, म्हणजे वहीचं सव्वा-दीड पान, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. या वेगाने तीन हजार शब्दांची कथा दहा-बारा बैठकांत होते. एखादा प्रसंग जमत नसेल तर चौकोनी कंसात ‘[इथे भांडण]’ लिहा आणि पुढे चला. बैठक संपवताना पुढच्या प्रसंगाचं पहिलं वाक्य लिहून ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाची धास्ती वाटत नाही. तरीही अडलंच, तर शेवटचा प्रसंग आधी लिहा. कुठे पोचायचंय ते दिसलं की वाट सापडते, आणि शेवटच सुचत नसेल तर वरचं ते एक वाक्य कच्चं आहे असं समजा.

एक नमुना घेऊ. विषय आपल्याकडचा: भाव वाढेल म्हणून घरात साठवलेला कापूस. नवशिक्या हाताचा पहिला परिच्छेद बहुधा असा येतो:

‘दिनकरराव हे एक गरीब पण प्रामाणिक शेतकरी होते. त्यांची मुलगी सुनीता हिचे लग्न ठरले होते. यंदा कापसाला भाव नसल्याने ते खूप चिंतेत होते. घरात कापूस तसाच पडून होता. शेवटी नाइलाजाने त्यांनी तो व्यापाऱ्याला विकायचे ठरवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.’

यात खोटं काहीच नाही. पण सहाच्या सहा वाक्यं लेखकाची आहेत, माणसं अजून आलेलीच नाहीत. ‘गरीब पण प्रामाणिक’ हा निकाल आहे, आणि त्यातला ‘पण’ तर गरिबांवर अन्यायच. कापूस ‘पडून होता’ म्हणजे कुठे, किती, त्याने घरात काय झालं, पत्ता नाही. आणि डोळ्यांतलं पाणी फुकटचं आहे, कारण वाचकाने अजून काही पाहिलेलंच नाही.

तोच प्रसंग घडवून लिहिला तर:

‘मधल्या खोलीचं दार आता पुरतं उघडत नव्हतं. दिनकरनानांनी खांदा लावला तसा ढीग घसरून थोडा कापूस ओसरीत आला. सुनीता मनगट खाजवत मागून आली. तीन महिने ती आणि तिची आई त्याच खोलीत, कापसाला पाठ लावून झोपत होत्या.

व्यापारी उंबऱ्याबाहेरच थांबला. मूठभर कापूस घेऊन त्याने दाबला, सोडला, नखाने एक सरकी काढून दाताखाली फोडली.

“भाव उतरी ऱ्हायना, नाना. आज दी टाका.”

नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. लग्नाच्या तारखेभोवती पेनाने गोल केलेला होता.

“काटा कोना शे?” सुनीताने विचारलं.

व्यापारी नानांकडे बघून हसला. नाना हसले नाहीत.’

शब्द दुप्पट झाले, पण माहिती वाढलीय तिपटीने, आणि ती सांगितलेली नाही. दार उघडत नाही यातून कापूस किती आहे ते कळलं. मनगटाच्या खाजेतून तो किती दिवस आहे ते कळलं. घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि अशी एक माहीत असलेली गोष्ट वाचकाचा विश्वास मिळवते. सरकी दाताखाली फोडून ओल बघायची रीत व्यापाऱ्याची ओळख करून देते, त्याला ‘धूर्त’ म्हणायची गरज राहत नाही. कॅलेंडरमुळे नाना का थांबू शकत नाहीत ते समजलं. आणि सुनीताच्या एका प्रश्नाने कथा बापाकडून मुलीकडे सरकली. मघाच्या त्या एका वाक्यातलं ‘माप’ इथे प्रसंगात उतरलं. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र शंका आहे. ‘नाना हसले नाहीत’ थोडं टाळी मागतं. दुसऱ्या खर्ड्यात ते काढून टाकावं आणि व्यापाऱ्याच्या हसण्यावर थांबावं, असं माझं मत.

असा प्रसंग लिहायचा तर माहिती पक्की लागते. गावात येऊन व्यापारी माल उचलतो ती खेडा खरेदी. भाव बाजारापेक्षा कमी असतो, पण गाडीभाडं वाचतं आणि पैसे हातात पडतात, म्हणून माणूस देतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर न्यायचा तर ओलाव्याची अट आडवी येते: आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, वर कपात, बारा टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. हे सगळं कथेत लिहायचं नाही, पण लेखकाला ठाऊक असलं तर व्यापाऱ्याचं बोलणं खोटं वाटत नाही. ऋतूचीही तीच गोष्ट. आखाजीला शेतात कापूस वेचणारी बाई दाखवलीत तर पारोळ्याचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल, कारण तोवर शेतं नांगरून तापायला पडलेली असतात. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. केळी उभीच्या उभी आडवी करणारं वादळ मे-जूनचं. अशा गोष्टींची एक बारमाही यादी वहीच्या शेवटच्या पानावर करून ठेवा, महिन्यापुढे शेत, सण, खाणं, आजार.

अहिराणीबद्दल. वापरा, पण आधी तिचा भूगोल पाहा. अमळनेर, पारोळा, धुळे, साक्री या पट्ट्यात अहिराणी. भुसावळ, यावल, रावेरकडे तावडी आणि लेवा गणबोली. नंदुरबारला गेलात की भिली, पावरी, गुजरांची बोली. सर्रास होणारी चूक म्हणजे अमळनेरच्या पात्राच्या तोंडी बहिणाबाईंच्या वळणाची भाषा घालणं, कारण ‘खानदेशी’ म्हटलं की तीच आठवते. बहिणाबाई आसोद्याच्या, ती बोली वेगळी. पुण्याचा संपादक कदाचित फसेल, फैजपूरचा वाचक नाही फसणार.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही सर्वांत सोपी आणि टिकाऊ वाट आहे. संवाद आखूड ठेवा. वरच्या नमुन्यात दोनदाच अहिराणी येते आणि दोन्ही वेळा प्रसंगावरून कळते, अहिराणी न येणाऱ्यालाही. तळटीप द्यावी लागली किंवा दुसऱ्या पात्राला तेच मराठीत पुन्हा बोलावं लागलं, तर प्रसंग नीट उभा राहिला नाही असं समजावं. लेखन एकसारखं ठेवा: ‘से’ लिहायचं की ‘शे’, ‘मना’ की ‘मन्हा’, हे गावागावाला बदलतं, म्हणून पात्राचं गाव ठरवून तिथला उच्चार धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. आणि एक पथ्य: शिकलेली पात्रं प्रमाण आणि गरीब पात्रं बोली, अशी वाटणी करू नका. जळगावच्या कॉलेजात शिकवणारा माणूसही घरी आईशी अहिराणीच बोलतो. तो बोली कुठे सोडतो आणि कुठे परत धरतो, ही एका कथेची सामग्री आहे.

भाषेच्या काही खास मराठी अडचणी कोर्समध्ये सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथे. ‘मी’च्या निवेदनात बहुधा पहिल्या काही वाक्यांतच क्रियापदावरून बाई की पुरुष ते फुटतं, ‘निघालो’ की ‘निघाले’. म्हणून ते लपवून शेवटी उलगडायचे बेत मराठीत फार ओढाताण करतात, सोडून द्या. भूतकाळात सलग लिहिताना ‘उठला, गेला, बसला, म्हणाला’ अशी टाळ्या वाजल्यासारखी वाक्यं येतात. त्यावर उपाय भाषेतच आहेत: ‘उठून’, ‘जाता जाता’, मध्येच एखादं क्रियापद नसलेलं वाक्य, किंवा प्रसंग तापला की वर्तमानकाळ. कर्ता दर वाक्यात लागत नाही. ‘तो’ आणि ‘ती’ अर्ध्याअधिक वेळा काढता येतात, क्रियापद सांभाळून घेतं. ‘केले-झाले’ की ‘केलं-झालं’ हे पहिल्या ओळीआधी ठरवा. दोन्ही चालतं, पण एका पानावर दोन्ही नाही. आणि ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांचा वापर जपून करा. सासऱ्यांना आयुष्यभर ‘तुम्ही’ म्हणणारी सून एका वाक्यात ‘तू’वर आली, तर राग, संताप, थरथर यातलं काहीही लिहावं लागत नाही.

खर्डा पुरा झाला की तीन आठवडे बाजूला. मग दुरुस्ती, पण सगळं एकदम नाही. आधी रचना: पहिलं पान काढून कथा चालते का ते बघा, बहुतेक वेळा चालते. मग प्रसंग: प्रत्येकात सुरुवातीला आणि शेवटी काहीतरी बदललंय का? नसेल तर तो प्रसंग सारांशाच्या दोन वाक्यांत मावतो. मग वाक्यं, आणि शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी. लोक हे उलट्या क्रमाने करतात, ऱ्हस्व-दीर्घ तपासलेलं पान काढून टाकायला जीव होत नाही, आणि निकामी पान कथेत राहून जातं. ‘त्याला वाटलं’, ‘तिला जाणवलं’, ‘अचानक’, ‘एकदम’ हे शब्द शोधून काढा. दहातले आठ उडवले तरी काही बिघडत नाही. मोबाइलवर स्वतः वाचून रेकॉर्ड करा आणि गाडीत ऐका. जिथे जीभ अडखळली किंवा आवाज सपाट झाला, तिथली वाक्यं परत लिहा.

कोर्स लावण्याची घाई नको. एखादी पुरी कथा हातात नसताना कोर्स लावला तर टिपणांची तिसरी वही भरेल, एवढंच. तीन-चार कथा पुऱ्या झाल्या की दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेचा उपयोग होतो, आणि तोही तिथे तुमची कथा वाचली जाणार असेल तर. नुसती व्याख्यानं असतील तर तो रविवार घरी लिहिण्यात घालवा. त्याहून कामाचं म्हणजे तीन-चार वाचणाऱ्यांचा गट, महिन्यातून एकदा, कथा दोन दिवस आधी पाठवून. ‘कशी वाटली?’ विचारू नका, ‘छान’ याखेरीज उत्तर येत नाही. कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळ झाला, संपल्यावर कोण लक्षात राहिलं, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे काहीतरी चुकलंय. ते काय, हे मात्र तुम्हीच शोधायचं. वाचकाला दुखणं बरोबर कळतं, औषध बहुधा चुकीचं सुचतं. नवऱ्याला, आईला, ऑफिसातल्या मैत्रिणीला पहिला वाचक करू नका. त्यांना तुमच्याबद्दल जास्त माहीत असतं आणि ते कथेत तुम्हालाच शोधतात.

पाठवायची वेळ आली की दिवाळी अंकांचं वेळापत्रक लक्षात ठेवा. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी साहित्याची आवाहनं मे-जूनपासून येतात आणि जुलै-ऑगस्टपर्यंत बरेच अंक भरतात. म्हणजे खर्डा फेब्रुवारीत, दुरुस्ती एप्रिलपर्यंत. अडीच ते साडेतीन हजार शब्दांची कथा नव्या लेखकाला बरी. सहा हजारांची असेल तर एका अनोळखी नावासाठी संपादकाला दुसरी एखादी कथा वगळावी लागते. एक कथा एका वेळी एकाच अंकाकडे, आणि दोन महिने कळलं नाही तर एक नम्र मेल करून मोकळं व्हावं. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा. पीडीएफ यासाठी की काही छापखाने अजूनही मजकूर जुन्या फाँटमध्ये वळवून घेतात आणि त्यात जोडाक्षरं मोडतात. अहिराणीचं तर ‘ऱ्ह’वाचून पान हलत नाही आणि नेमका तोच आधी बिघडतो, ‘ऱ्हायना’चा रफार होऊन बसतो. म्हणून कथा स्वीकारल्याचं कळलं की अहिराणी संवादांची मुद्रितं (प्रूफं) स्वतः तपासायला मागा. संपादक सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांच्याकडे ती तपासणारं दुसरं कुणी नसतं.